दातांच्या जुन्या कॅपांमधलं सोनं कुठे आणि कसं विकलं – माझा अनुभव

ग्रँट रोडचा दवाखाना सासऱ्यांचा, आता मी चालवते. त्यांच्या काळात पारशी आणि गुजराती पेशंट हौसेने सोन्याच्या कॅप बसवून घ्यायचे. कधी दात हलला, कधी कॅप खाली किडली, की ती निघायची. निघालेली कॅप ही पेशंटचीच वस्तू, त्यामुळे आधी त्यालाच विचारायचं, तो नको म्हणाला तरच बाटलीत टाकायची, हा पप्पांचा, म्हणजे सासऱ्यांचा, नियम आणि मीही तो पाळते. तर अशी बाटली भरत गेली, वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली आणि दवाखान्याचं रिनोव्हेशन काढलं तेव्हा म्हटलं आता हिचा निकाल लावू. हा विषय मराठीत कोणी लिहिलेला मला सापडला नाही आणि बऱ्याच डेंटिस्ट मंडळींकडे अशी एखादी बाटली असतेच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आमच्याकडे अधूनमधून एक खरेदीवाला यायचा, छोटा वजनकाटा बॅगेत घेऊन. "मॅडम, कॅप द्या, लगेच कॅश देतो, बिलाची भानगड नाही." त्याचा हिशोब असा की सगळं पिवळं एकत्र तोलायचं आणि सरसकट १० कॅरेटने भाव लावायचा. १० कॅरेट म्हणजे शंभरात साधारण ४१.७ भाग सोनं. हा आकडा आला कुठून असं विचारलं तर म्हणे "दातांचं एवढंच निघतं". बघू म्हणून सांगितलं आणि त्याला चहा पाजून पाठवून दिलं.

खरं तर दातांचं 'एवढंच' असं काही नसतं. फार जुन्या, पत्रा ठोकून केलेल्या पातळ कॅप २२ कॅरेटच्या असू शकतात, ओतीव कॅपांमध्ये सोनं कमी आणि सोबत चांदी, तांबं, पॅलेडियम (प्लॅटिनमच्या जातीचा महागडा पांढरा धातू), कधी थोडं प्लॅटिनम. आणि पिवळं दिसतं म्हणून त्यात सोनं असेलच असंही नाही, तांबं-अॅल्युमिनियमच्या पिवळ्या कॅप येतात, निकेल-क्रोमवर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर दिलेल्याही येतात. चुंबक लावून बघा म्हणतात पण डेंटल निकेल-क्रोमसुद्धा बहुधा चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे त्याच्यावर विसंबून उपयोग नाही.

मग कोणाकडे जायचं हे ठरवायच्या आधी आपल्याकडे नेमकं काय आहे ते बघायचं ठरवलं. सगळं आधी जंतुनाशकात, मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे गरम वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र. पण ज्या दाताला किंवा तुकड्याला चांदी भरलेली असेल, म्हणजे अमाल्गम, तो ऑटोक्लेव्हमध्ये अजिबात घालायचा नाही, वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो त्यात आणि गरम झाला की वाफ आपल्याच नाकात. ते सगळं वेगळं काढून घट्ट झाकणाच्या डबीत. ती डबी विकायच्या मालात नाहीच धरायची, बायोमेडिकल वेस्टवाल्यांशी बोलून तिची वेगळी सोय केली.

राहिलेल्या पिवळ्या-पांढऱ्या कॅपांची मी पाण्यातल्या वजनाने छाननी केली. दवाखान्यात मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा होता. काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवायचा, काटा शून्य करायचा, कॅप बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत सोडायची, तळाला किंवा कडेला टेकू द्यायची नाही आणि आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही (सगळी कसरत इथेच, सुईने टोचून टोचून बुडबुडे काढले). काटा जेवढं दाखवेल त्याने कोरडं वजन भागायचं. एक कॅप कोरडी ३.१२ ग्रॅम, पाण्यात काट्याने दाखवले ०.२१, म्हणजे घनता जवळपास १५, एवढं जड म्हणजे सोन्याचं काम. दुसरी, रंगाने हिच्यापेक्षा पिवळीधमक, २.०५ ग्रॅम आणि पाण्यात ०.२६, म्हणजे ८ सुद्धा नाही, सरळ बाद. पांढऱ्यांमध्ये ८ च्या आसपासच्या सगळ्या निकेल-क्रोम किंवा कोबाल्ट-क्रोम, पण काही १०-११ च्या निघाल्या, त्या चांदी-पॅलेडियमच्या असणार म्हणून वेगळ्या पुडीत. सिमेंट किंवा सिरॅमिक चिकटलेलं असेल तर आकडा खाली येतो, म्हणून पकडीने आधी जमेल तेवढं फोडून काढलं. ही काही लॅबची परीक्षा नव्हे पण कचरा वेगळा काढायला पुरते. आणि तो काढावाच, काही निकेल-क्रोममध्ये बेरिलियम असतं, ते दुसऱ्याच्या भट्टीत ढकलणं बरं नव्हे.

छाननी होऊन खात्रीचं पिवळं राहिलं ५८.४ ग्रॅम.

आधी घराजवळच्या सराफाकडे गेले, त्याच्याकडे एक्स-रे फ्लुरोसन्सवालं मशीन आहे, दोन मिनिटांत स्क्रीनवर टक्के येतात. एकाच कॅपवर एका बाजूला ७१ आले आणि डाग दिलेल्या (सांधा जोडलेल्या) ठिकाणी ५८. मशीन खोटं बोलत नाही, पण ते फक्त वरचा पातळ थर वाचतं, आणि दहा वेगवेगळ्या मिश्रणांच्या कॅपांचा ढीग असा ठिकठिकाणी टोचून त्याची सरासरी कशी काढणार? शिवाय पॅलेडियमचे टक्के स्क्रीनवर दिसत होते तरी त्याचे पैसे मिळणार नव्हते, आणि तपासणारा तोच, घेणाराही तोच. भाव कमी सांगितला तर आपल्याला कळणार कुठून, हा प्रश्न तिथेच डोक्यात बसला. त्यानंतर ज्याला ज्याला फोन केला त्याला एवढंच विचारलं की फक्त वितळवून टंच (म्हणजे शंभरात किती भाग सोनं) काढून देता का, मजुरी घ्या, माल मी परत घेऊन जाणार. खरेदीवाल्याने या प्रश्नावर फोनच ठेवला. एका दुकानदाराने "आम्ही घेणार असू तरच वितळवतो" असं सांगितलं.

हो म्हणाले ते झवेरी बाजारातले गलाईवाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली माणसं गेल्या कित्येक पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, तुम्ही कुठल्याही राज्यातल्या सराफ बाजारात जा, भट्टीवरचा माणूस मराठी बोलणारा निघायची शक्यता बरीच. मी ज्यांच्याकडे गेले ते काका विट्याजवळचे, जिना चढून वर इवलीशी खोली, एका कोपऱ्यात भट्टी आणि डोक्यावर एक्झॉस्ट. पुडी उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ताई, पारा न्हाई ना यात? असंल तर भट्टीत घेणार न्हाई." दर विचारायच्या आधी माणसाने हे विचारलं म्हटल्यावर मी खुर्ची ओढून बसले.

माल माझ्यासमोर तोलला, दोन्ही वजनं चिठ्ठीवर लिहिली, माझ्या काट्याचं आणि त्यांच्या काट्याचं. मग मुशीत टाकणखार घालून वितळवलं. राहिलेलं सिरॅमिक, सिमेंट, दाताचे कण सगळं काचेसारख्या मळीत वर आलं, ते बाजूला काढलं आणि लगड, म्हणजे धातूची छोटी वीट, ओतली ती भरली ५१.२ ग्रॅम. सात ग्रॅम गेले म्हणून छातीत जरा धस्स झालं, पण मळी त्यांनी तिथेच खलबत्त्यात कुटून पाण्यात धुऊन दाखवली, धातूचा मणी अडकला नव्हता. हे न मागता करणारा गलाईवाला भेटला तर सोडू नका.

टंचासाठी लगडीच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून बारीक तुकडा घेतला. त्यात तिप्पट चांदी घालून पुन्हा वितळवायचं, पत्रा लाटायचा, तेजाबात (नायट्रिक अॅसिडमध्ये) उकळायचा, चांदी-तांबं विरघळून जातं आणि सोनं तपकिरी गाळासारखं खाली राहतं. एरवी तांब्यामुळे तेजाब हिरवं-निळं होतं, आमचं झालं गडद चहासारखं. काका म्हणाले, "पॅलेडियम हाय ह्याच्यात. पर आमच्याकडं त्याला गिऱ्हाईक न्हाई, त्याचं पैसं मी देत न्हाई आणि देतो म्हणून सांगणार बी न्हाई." टंच आला ६५.१. त्यांची मजुरी दिली, लगड आणि उरलेले तुकडे घेऊन बाहेर.

पुढची पायरी कोणाला जास्तीची वाटेल पण मला करायचीच होती. बीआयएस मान्यता असलेल्या हॉलमार्किंग सेंटरमध्ये लगडीचा नमुना फायर असेसाठी दिला, म्हणजे शिशाबरोबर कुपेलमध्ये (सच्छिद्र वाटीत) जाळून करतात ती परीक्षा, आयएस १४१८ या भारतीय मानकाप्रमाणे. उत्तर ६४.८. एवढा फरक चालतो, आणि मी हिशोबाला ६४.८ च धरला, म्हणजे ३३.१८ ग्रॅम शुद्ध सोनं. खरेदीवाल्याच्या १० कॅरेटच्या हिशोबाने ५८.४ ग्रॅमचं भरत होतं साधारण २४.३५. जवळजवळ नऊ ग्रॅमचा फरक, आजच्या भावाने तुम्हीच गुणाकार करा!

रिपोर्ट हातात असल्यावर विकणं अगदी सोपं झालं. दोन-तीन व्यापाऱ्यांना एकच वाक्य, इतकी लगड, इतका टंच, आजच्या भावात किती कापणार? जो सगळ्यात कमी कापत होता त्याला दिली. पॅन कार्ड, बिल, पैसे बँकेत. रोख देऊ करणारे होते पण सीएने आधीच दम भरला होता की २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घ्यायचीच नाही, आयकर कायद्यात बसत नाही. आणि दवाखान्याच्या पुस्तकात दाखवायचं तर बिल हवंच.

मोठ्या रिफायनरीकडे का नाही दिलं, तर त्यांच्याशीही बोलले होते. ज्यांच्याशी बोलले ते आयसीपी मशीनवर (नमुना विरघळवून त्यातला प्रत्येक धातू मोजणारं यंत्र) सोनं, चांदी, पॅलेडियम, प्लॅटिनम असे चारही धातू मोजतात आणि पॅलेडियम-प्लॅटिनमचे पैसेही देतात, पण किमान १०० ग्रॅम माल हवा, तपासणीची फी वेगळी, प्रत्येक धातूचे ठराविक टक्केच देतात, भाव कोणत्या दिवसाचा धरणार ते आधी लिहून घ्यावं लागतं, आणि माल वितळताना आपण समोर नसतो. माझ्या पिवळ्या मालात पॅलेडियम असून असून किती असणार, दोन-तीन ग्रॅम, त्यासाठी एवढा खटाटोप परवडत नव्हता, ते सोडून दिलं.

चांदी-पॅलेडियमच्या पांढऱ्या पुडीचं मात्र तसं नाही, तिची किंमत बहुतेक सगळी पॅलेडियमचीच आणि ती रिफायनरीशिवाय कोणी देणार नाही. माझ्याकडे २२ ग्रॅम, सायनच्या बॅचमेटकडे तीसेक, ठाण्यातल्या अजून एकाकडे थोडं, असं जमवत जमवत १०० च्या वर न्यायचा प्रयत्न चाललाय. एकदा एकत्र वितळलं की कोणाच्या मालात पॅलेडियम किती होतं ते कळायला मार्ग नाही, म्हणून मी म्हणतेय प्रत्येकाची आधी काकांकडे वेगळी लगड ओतू आणि प्रत्येकीचा नमुना वेगळा तपासू. सायनवाला म्हणतोय एवढी फी कशाला, सरळ वजनावर वाटून घेऊ. त्याच्या तीस ग्रॅमपैकी निम्मं मला निकेल-क्रोम वाटतंय, त्यामुळे रविवारी आधी ग्लास आणि काटा घेऊन त्याच्याकडे जाणार आहे.