बाणाचं टोक

मार्चमध्ये अल्गोरिदमच्या पेपरात माझे चार गुण वाढले. 60 पैकी 41 होते, ते 45 झाले. ग्रेड 2.3 ची 2.0 झाली. जर्मनीत आकडा जितका लहान तितकं चांगलं, हे आता आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत असतं, म्हणून ते सांगत बसत नाही. चार गुणांसाठी एवढं लिहायचं काय, असं आईनेही विचारलं. पण त्या दुपारी मी विद्यापीठाच्या बसस्टॉपवर उभी राहून रडत होते आणि दोन बस समोरून गेल्या तरी चढले नाही. ते का, ते लिहायचं आहे.

इथे निकाल लागला की ‘क्लाउझूर-आइनझिश्ट’ नावाचा एक दिवस असतो. क्लाउझूर म्हणजे लेखी परीक्षा आणि आइनझिश्ट म्हणजे आत डोकावणं. ठरलेल्या वेळी ठरलेल्या खोलीत जायचं, विद्यार्थी ओळखपत्र दाखवायचं आणि आपली तपासलेली उत्तरपत्रिका आपल्याच हातात घेऊन बसायचं. फॉर्म नाही, चलन नाही, फी नाही. बाजूला नमुना उत्तरं ठेवलेली असतात, कुठल्या पायरीला किती गुण तेही लिहिलेलं असतं. शंका आली की हात वर करायचा. ज्याने पेपर तपासला तो माणूस तिथेच बसलेला असतो, तो उठून तुमच्या बाकाशी येतो.

मी घाबरत गेले होते. वाद घालायला आलोय असं वाटेल, पुढच्या परीक्षेत लक्षात ठेवतील, ही आपली सवयीची भीती. खोलीत वीसेक मुलं होती आणि सगळी शांतपणे पानं उलटत होती.

प्रश्न असा होता: ग्राफमध्ये एखाद्या एजचं वजन ऋण असेल तर डाइक्स्ट्राची पद्धत का चुकते, स्वतःचं उदाहरण काढून दाखवा. ग्राफ म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणारे बाण; ठिपका तो नोड, बाण ती एज, आणि वजन म्हणजे त्या बाणावर लिहिलेलं अंतर. डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाची पद्धत त्यातून सर्वांत जवळचा रस्ता शोधते. सांगलीला शिकताना ही अट मी पाठ केली होती. ‘वजनं ऋण नसावीत’, पुस्तकात एक ओळ. ती का, हे आम्ही विचारलं नाही आणि आम्हालाही कुणी विचारलं नाही. इथे आल्यावर पहिले दोन महिने मी फक्त हे ‘का’ शिकत होते. माझं उदाहरण तीन नोडचं होतं. स पासून अ पर्यंत 2, स पासून ब पर्यंत 3, आणि ब पासून अ कडे उणे 2. पद्धत सर्वांत जवळचा नोड आधी पक्का करते, म्हणून अ ला 2 देऊन मोकळी होते आणि पुन्हा त्याच्याकडे वळत नाही. खरा जवळचा रस्ता ब वरून जातो, त्याचं अंतर 1. झालं, चूक सिद्ध.

माझ्या पेपरात त्यावर लाल रेघ होती आणि शून्य.

मी चित्राकडे बघत राहिले. ब कडून अ कडे जाणाऱ्या बाणाचं टोक इतकं फिकट उमटलं होतं, की बाण उलटा, अ कडून ब कडे, वाचता येत होता. तसा वाचला तर पद्धत बरोबर उत्तर देते, आणि माझं उदाहरण खरंच काही सिद्ध करत नाही. मी हात वर केला. पेपर तपासणारा पीएचडीचा मुलगा आला, वाकून बघितलं, कागद खिडकीकडे धरला, खाली मी लिहिलेल्या तीन ओळी वाचल्या. ‘बाण ब कडूनच आहे. तुमचं बरोबर आहे, माझी चूक झाली,’ असं तो इंग्रजीत म्हणाला. मग हिरव्या पेनने शून्य खोडून 4 लिहिले, शेजारी सही केली, तारीख घातली. सगळं मिळून पाचेक मिनिटांत झालं. माझं ‘थँक यू’ चमत्कारिक वाटावं इतकं मोठ्याने निघालं.

मला तेव्हा एम-थ्री, इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर, आठवत होता.

सेकंड इयरला मला एम-थ्रीत 38 पडले. पासिंग 40. मी पेपर बरा लिहिला होता, लाप्लासचं एक गणित तर दोन पद्धतींनी ताडून बघितलं होतं. झेरॉक्सला अर्ज केला, पैसे भरले, बऱ्याच दिवसांनी झेरॉक्स हातात आली. त्या गणिताच्या पानावर काहीच नव्हतं. बरोबरची खूण नाही, चुकीची नाही, गुण नाहीत. पान उलटलं गेलंच नव्हतं, असं माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे. रिव्हॅल्युएशनला टाकला. उत्तर आलं, ‘नो चेंज’. कुणी बघितला, काय बघितलं, हे विचारायला खिडकीपलीकडे कुणी नव्हतं. केटी लागली. पुढच्या सेमला तोच विषय 61 ने निघाला. पण प्लेसमेंटला एका कंपनीची अट ‘एकही केटी नको’ अशी होती, आणि त्या यादीत माझं नाव आलं नाही. ती झेरॉक्स अजून घरी माझ्या फाइलमध्ये आहे.

म्हणून मी रडले. चार गुण मिळाल्याचा आनंद होताच, पण दोन गुणांसाठी वीस वर्षांची मी खिडकीबाहेर उभी होते तेही डोळ्यांसमोर होतं.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. मामा आयुष्यभर प्राध्यापक, दर परीक्षेला कॅप सेंटरवर पेपर तपासायला जायचे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, दिवसाला साठ-साठ पेपर तपासलेत मी. मे महिना, वर पत्रा, पंखा एक. तुझ्या त्या पोराकडे किती होते?” मी म्हटलं, वर्गात नव्वद मुलं आणि तपासायला पाच जण. मामा गप्प झाले. मग म्हणाले, “आम्हालाही पान खिडकीकडे धरून बघावंसं वाटायचं.”

त्यांचं बरोबर आहे. कुणी इथल्या कौतुकावरून तिकडच्या मास्तरांना नावं ठेवायला लागलं तर मला ते सहन होत नाही. लॅबमध्ये मशीन कमी, म्हणून आधी जर्नलमध्ये हाताने प्रोग्रॅम लिहून सरांना दाखवायचा आणि मगच कीबोर्डला हात लावायचा, असं आमचं शिक्षण झालं. इथेही परीक्षा कागदावरच असते. कंपायलर नाही, काही नाही. माझा स्पेनचा वर्गमित्र कोऱ्या कागदावर कोड लिहायचा म्हणून गडबडून गेला होता. मला काही वाटलं नाही. खुद्द डाइक्स्ट्राने तर 1956 साली ही पद्धत ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून, कागद-पेनही न घेता, वीसेक मिनिटांत मनातच रचली होती. कागदावर विचार करायची सवय मला सांगलीने लावली आणि इथला प्रत्येक पेपर मी त्याच जोरावर देते.

आणि एक गोष्ट आपल्याकडची मला इथल्यापेक्षा मोठी वाटते. इथे बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालात की अभ्यासक्रम संपला, आणि त्याच शाखेला जर्मनीत दुसरीकडेही सहसा घेत नाहीत. आमच्या हॉस्टेलमधला एक आपलाच मुलगा असा गेला. हुशार होता, पहिल्या सेमला भाषा आणि थंडीने खचला, नंतर ती भीती गेली नाही. वडिलांनी कर्ज काढून ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात, 11,904 युरो भरले होते. प्रवेश गेला की राहण्याच्या परवान्याचाच प्रश्न येतो. जाण्याआधी रात्री तो स्वयंपाकघरात आपली भांडी वाटून टाकत होता, कुकर मला दिला. माझा दादा सेकंड इयरला चार केटी घेऊन वर गेला होता. एटीकेटी म्हणजे ‘अलाउड टू कीप टर्म्स’, चालत राहायची परवानगी. त्याला सहा वर्षं लागली, पण डिग्री झाली, आज घर चालवतोय. आपल्या व्यवस्थेला पेपर नीट बघायला वेळ नसेल, पण ती माणसाला दार लावून घेत नाही. हे मी इथल्या मुलांना सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही.

तरी, परत यायचं का असं बाबा विचारतात तेव्हा मी ‘डिग्री झाल्यावर बघू’ म्हणते. पळून आले नाही मी. आठ क्रेडिटचा एक विषय, एका क्रेडिटला तीस तास, म्हणजे 240 तास धरलेले असतात, आणि ते तास मला एकाच प्रश्नापाशी थांबायला मिळतात. ते मला अजून थोडे दिवस हवे आहेत.

या सेमला मला त्याच विषयाची ‘हीवी’ म्हणून नोकरी लागली, विद्यार्थी साहाय्यक. काम म्हणजे दर आठवड्याचे सरावाचे पेपर तपासणं. माझ्या वाट्याला चोवीस आले. पहिल्या रात्री संध्याकाळी सातला बसले आणि अकरापर्यंत फक्त अकरा झाले. मामांचे साठ कसे होत असतील, ते तेव्हा कळलं. बाराव्या पेपरात एका मुलीने ग्राफ काढला होता, पेन्सिलने, आणि एका एजवर टोक दिसत नव्हतं. झोप येत होती. मी शून्य लिहायला पेन टेकवला, मग उचलला, टेबललॅम्प जवळ ओढला आणि कागद त्याच्यासमोर धरला.