हातभर अंतर: हर्न्ससमोर दुरान का कोसळला

गेल्या महिन्यात पेडे-म्हापसा येथील क्रीडासंकुलात माझा भाचा मुष्टियुद्धाच्या सरावाच्या एका लढतीत हरला. तो डिचोलीहून आठवड्यातून तीन दिवस तेथे जातो. समोरचा मुलगा त्याच्याच वजनगटातला, परंतु चांगला चार बोटे उंच आणि हाताने लांब होता. तीन फेऱ्यांत भाच्याचे बहुतेक ठोसे हवेत गेले आणि शेवटी त्याच्या कपाळावर दोन्ही भुवयांच्या मधोमध एकाच जागी जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, बसून बसून रुपयाएवढा लाल डाग उठला होता. परतीच्या वाटेवर तो एवढेच म्हणाला, "मामा, तो जवळ येऊच देत नाही." त्या रात्री मी त्याला रॉबर्टो दुरान आणि थॉमस हर्न्स यांची १५ जून १९८४ची लास व्हेगासमधील लढत दाखवली, कारण त्याच्या त्या वाक्याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

पनामाचा दुरान १९७२मध्ये न्यूयॉर्कला केन बुकॅननला हरवून लाइटवेट गटाचा विश्वविजेता झाला. त्या गटाची मर्यादा १३५ पौंड, म्हणजे सुमारे ६१ किलो. माझ्या मते त्याच्या तोडीचा लाइटवेट आजवर झालेला नाही. पुढे तो वरच्या गटांत चढत गेला, १९८०मध्ये माँट्रियलला त्याने शुगर रे लेनर्डला हरवले आणि १९८३मध्ये डेव्ही मूरला नमवून १५४ पौंडांच्या गटाचेही विजेतेपद मिळवले. हर्न्सशी झालेली लढत याच १५४ पौंडांच्या मर्यादेतली होती. तेव्हा हर्न्स पंचवीस वर्षांचा होता आणि दुरानचा तेहतिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता.

या पराभवाचे कारण म्हणून सहसा वजन सांगितले जाते: लहान चणीचा माणूस आपल्या गटाबाहेर गेला आणि मार खाऊन परतला. मला हे पटत नाही. हर्न्सच्या लढतीआधी अवघे सात महिने, नोव्हेंबर १९८३मध्ये, हाच दुरान त्याहून वरच्या १६० पौंडांच्या गटात मार्विन हॅगलरशी पूर्ण पंधरा फेऱ्या लढला होता आणि तेराव्या फेरीअखेर दोन पंचांच्या गुणपत्रिकांवर एका गुणाने पुढेही होता. अखेरच्या दोन फेऱ्या घेऊन हॅगलरने ती लढत निसटती जिंकली. अधिक वजनाच्या आणि अधिक दणकट हॅगलरपुढे जो पंधरा फेऱ्या उभा राहिला, तो कमी वजनाच्या हर्न्सपुढे दोन फेऱ्याही टिकला नाही, याचा उलगडा वजनकाट्यावर होत नाही.

तो होतो हातांच्या पल्ल्यात. दुरानची उंची पाच फूट सात इंच आणि हर्न्सची सहा फूट एक इंच. हात पसरल्यावर दोघांच्या पल्ल्यात जवळजवळ एका फुटाचा फरक पडे. याचा अर्थ असा, की दोघांच्या मध्ये एक पट्टा असतो ज्यात उंच माणसाचा ठोसा पोहोचतो आणि बुटक्याचा पोहोचत नाही. बुटक्या मुष्टियोद्ध्याचे सारे कसब हा पट्टा ओलांडण्यात असते, आणि दुरान ते आयुष्यभर अप्रतिम करत आला होता: खांद्याने हूल द्यायची, समोरच्याला जॅब टाकायला भाग पाडायचे, डोके त्या जॅबच्या बाहेरच्या बाजूला सरकवायचे आणि त्याच क्षणी पाय आत टाकायचा. एकदा छातीला छाती भिडली, की पुढचा कारभार दुरानच्या हाती. मात्र या साऱ्याला एक अट होती, ती म्हणजे समोरच्याने दुरानला हूल देण्याइतकी उसंत द्यावी. हॅगलर त्या रात्री नको तितका सावध राहिला आणि त्याने ती दिली.

हर्न्सने ती दिली नाही. त्याचा डावा हात कमरेपाशी सैल लोंबत असे आणि जॅब तेथूनच, खालून वर, चाबकासारखा येई; चेहऱ्यासमोर बचावाला हात धरून उभ्या असलेल्याला तो येताना दिसतच नाही. पहिल्या फेरीतच दुरान ठोसे खाऊन दोनदा खाली पडला, डाव्या डोळ्याच्या वर जखम झाली आणि घंटा वाजल्यावर तो भलत्याच कोपऱ्याकडे चालू लागला. हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी मन विषण्ण होते, कारण रिंगमधील प्रत्येक वीत ओळखणारा माणूस तेथे आपला कोपरा शोधत होता. दुसऱ्या फेरीत हर्न्सने त्याला दोरांशी नेले, डाव्या हाताने पोटाकडे हूल दिली, दुरानचे लक्ष खाली गेले आणि उजवा ठोसा सरळ हनुवटीवर बसला. दुरान तोंडावर पडला आणि पंचाने लढत थांबवली. दुसऱ्या फेरीचे एक मिनिट नुकतेच उलटले होते. जी हूल हे दुरानचे हत्यार, तीच हर्न्सने लांबून वापरली.

भाच्याने विचारले, मग उंच माणसाला हरवताच येत नाही का? त्यावर मी त्याला फेब्रुवारी १९८९ची अटलांटिक सिटीतील लढत दाखवली. आयरॅन बार्कली हाही सहा फूट एक इंचाचा, शिवाय १६० पौंडांच्या गटाचा विजेता, आणि आदल्याच वर्षी त्याने हर्न्सला तिसऱ्या फेरीत लोळवले होते. सदतीस वर्षांच्या दुरानने अकराव्या फेरीत त्याला खाली पाडले आणि गुणांवर हरवले. बार्कली उंच असूनही आपणहून आत येत असे आणि मधला पट्टा स्वतःच मिटवून टाकत असे, त्यामुळे दुरानला हवी ती छातीला छाती भिडवून होणारी झुंज आयती मिळाली. "आणि त्याने हर्न्ससारखा जॅब टाकला असता तर?" या प्रश्नावर मी प्रामाणिकपणे सांगितले, की मग दुरान बहुधा पुन्हा हरला असता.

त्याच मुलाशी भाच्याची पुन्हा लढत ठरली आहे. आम्ही पडवीच्या दोन खांबांना त्याच्या खांद्याच्या उंचीवर सुंभ बांधला आहे आणि रोज संध्याकाळी तो त्याखालून डोके एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे काढत पुढे सरकतो. पहिल्या आठवड्यात डोके वाकले, की त्याचे पाय जागीच थांबत. काल प्रथमच डोके आणि पाय एकत्र गेले, आणि शेवटच्या खांबापाशी पोहोचेपर्यंत सुंभ एकदाही हलला नाही.