रसग्रहण न करता

कविता आणि माझं दहावीलाच फाटलं होतं. "पुढील ओळींचे रसग्रहण करा", आणि मग रस असा पिळायचा की हातात नुसता चोथा. त्यानंतर पंधराएक वर्षं मी त्या वाटेला गेलोच नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मित्राकडे गणपतीला गेलेलो, आरतीला वेळ होता म्हणून शेल्फवरचं एक जाडजूड पुस्तक उगाच काढलं, अरुण कोलटकरांचा कवितासंग्रह 'भिजकी वही'. इजिप्तपासून व्हिएतनामपर्यंतच्या रडणाऱ्या बायका आणि भाषा एकदम साधी, समोर बसून कुणी बोलतंय अशी. आरती झाली, प्रसाद झाला, मी आपला तिथेच कोपऱ्यात. मित्राची आई म्हणाली, घेऊन जा बाबा ते.

घरी आल्यावर प्रकाशकाचं नाव बघितलं, प्रास. म्हणजे अशोक शहाणे, ज्यांनी 1963 मध्ये 'असो' नावाचं अनियतकालिक (म्हणजे जमेल तेव्हा निघणारं छोटं मासिक) काढलं होतं. मला तोवर वाटायचं की चांगली पुस्तकं मोठे प्रकाशकच काढतात (आमच्या घरात पुस्तक म्हणजे गाईड, त्यामुळे माफ करा). कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह प्रासने 1977 ला काढला, त्याच वर्षी त्यांच्या 'जेजुरी' या इंग्रजी संग्रहाला कॉमनवेल्थचं प्राइज मिळालेलं, म्हणजे माणूस कुठल्याही मोठ्या प्रकाशकाकडे गेला असता, पण पुढचे मराठी संग्रह आले थेट 2003 मध्ये आणि तेही प्रासकडेच! सव्वीस वर्षं. आपल्याला स्टेटसला लाइक यायला सव्वीस मिनिटं लागली तरी जीव कासावीस होतो.

त्याच्याही आधी, पन्नासच्या दशकात, कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे अनियतकालिक काढलं ते सायक्लोस्टाइल करून. म्हणजे स्टेन्सिल कापायची, शाई लावायची, हाताने प्रती काढायच्या. पुढे औरंगाबादहून भालचंद्र नेमाड्यांचं 'वाचा'. अशी अनियतकालिकं बरीचशी बंद पडली, पडणारच होती, खिशातले पैसे घालून किती दिवस चालणार.

आता मी अशाच दोन छोट्या मासिकांची वर्गणी भरतो. सगळंच भारी असतं असं नाही हां, काही कविता एंटर दाबून तोडलेल्या वाटतात, आणि संपादकाचे मित्रही बरेच दिसतात. पण चाळीस पानांत एक कविता अशी सापडते की स्टेशन चुकतं.

परवा लोकलमध्ये असाच एक अंक वाचत होतो. शेजारच्या काकांनी वाकून बघितलं आणि काळजीने विचारलं, "कसली परीक्षा आहे का?"