झूम नाही, मग पैसे कशाचे?

‘झूमच नाही? मग एवढे पैसे कशाचे?’

मुंबईच्या बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात एका काकूंनी मुलाच्या हातातला फुजीफिल्म एक्स१००-व्हीआय हा कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. मुलगा म्हणाला, ‘आई, तुला नाही कळायचं.’

ते खटकलं. प्रश्न अगदी चोख होता की!

काउंटरवरच सोनीचा आरएक्स१००-सेव्हन होता. २४ ते २०० मिमी झूम, म्हणजे रुंद दृश्यापासून लांबच्या वस्तूपर्यंत; वजन जेमतेम ३०० ग्रॅम. पण सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, लहान, ‘एक इंची’ मापाची. फुजीचा एपीएस-सी मापाचा सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या सुमारे तिप्पट, म्हणून कमी उजेडातही फोटो स्वच्छ येतो. एवढ्या सेन्सरला लांब झूम लावला तर लेन्स खिशात मावणार कशी? म्हणून ३५ मिमीइतका, म्हणजे थोडा रुंद, कोन देणारी आणि भरपूर उजेड आत घेणारी (एफ२) एकच लेन्स. जवळून हवंय, तर पाय हलवा.

इतकं आईला सांगायला किती वेळ लागला असता? आणि सहलीत, भर उन्हात, लांबचा पक्षी टिपायचा असेल तर काकूंचंच बरोबर ठरेल.

कॅमेरा घेताना घरच्यांचे असे प्रश्न तुम्ही ऐकून घेता का?