तुम्ही विचारलंत म्हणून: सिझर खरंच गरजेचं होतं का?

दुबईत बाळंतपण झालं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "प्रायव्हेट हॉस्पिटल, वर इन्शुरन्स. ते सिझरच करणार! खरंच गरज होती का गं?" आणि त्याला जोडूनच, "पुण्यात आली असतीस तर नॉर्मल झाली असती."

आधी पुण्याचं बघू. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात खासगी रुग्णालयांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली, सरकारी रुग्णालयांतली १४.३ टक्के. माझं नाव ससूनमध्ये घालणार होतात का? नाही ना? मग जिथे घातलं असतंत तिथेही निम्म्याला आलेलंच आहे.

हे उत्तर समोरच्याला गप्प करायला पुरतं. मला पुरत नाही.

त्या दिवशी दुपारपर्यंत सगळं नीट चाललं होतं. गर्भाशयाचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलं आणि तिथेच अडलं. पोटाला बांधलेल्या पट्ट्यांमधून बाळाचे ठोके कागदावर उमटत होते. कळ आली की रेघ खाली जायची आणि सावकाश वर यायची. डॉक्टर तो कागद हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या. "सिझर करावं लागेलसं दिसतंय, तयारी करू," म्हणाल्या. तेवढ्यात नवऱ्याला खाली काउंटरवर बोलावणं आलं. इन्शुरन्सचं अप्रूव्हल नॉर्मलचं होतं, सिझरचं नव्यानं मागवायला हवं होतं. तोवर डिपॉझिट भरा, नाहीतर क्लेम नाकारला गेल्यास सगळे पैसे आम्ही भरू, अशी सही द्या. तो सही करून वर आला. तरी आम्ही थांबलेलोच. केरळची नर्स माझ्या कपाळावरून हात फिरवत "थोडा वेट करो, थोडा वेट करो" म्हणत होती. कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही आणि कळांमध्ये मला विचारायचं सुचलं नाही. मी फक्त त्या कागदाकडे बघत होते. मग नवऱ्याचा फोन वाजला. अप्रूव्हल आलं होतं. त्यानंतर लगेचच मला आत नेलं.

आता तुम्हीच हिशोब लावा. बाळाला धोका होता, तर थांबलो का? नव्हता, तर पोट कापलं का?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, मी ठोके बघत होते, ऑपरेशन थिएटर मोकळं व्हायची वाट होती, अप्रूव्हलची नव्हती. मला ते पटलं. नवऱ्याला अजून पटलेलं नाही, कारण काउंटरवर त्यानं वेगळं ऐकलं होतं. (दुबईत आरोग्य विमा २०१३च्या कायद्यानं सक्तीचा झाला आहे. बहुतेकांना कंपनी देईल तीच पॉलिसी. तेव्हा "तेवढी चांगली पॉलिसी घ्यायची ना" हा सल्ला कृपया नको.)

खरी पंचाईत माझ्या गरोदरपणातल्या अवताराशी आहे. ती बाई सगळ्यांना ऐकवत फिरायची की जागतिक आरोग्य संघटना १९८५पासून दहा ते पंधरा टक्केच सिझर योग्य मानते. आज मी तिला सांगते, बाई गं, तो आकडा लोकसंख्येचा असतो, टेबलावर पडलेल्या एकटीला तो काही सांगत नाही. ती म्हणते, झाल्यावर सगळ्या असंच म्हणतात. शिवाय त्याच संघटनेनं २०१८मध्ये सांगितलंय की तोंड दर तासाला एक सेंटिमीटर उघडावं ही अपेक्षा काही बायकांसाठी वास्तवाला धरून नाही, मग सहावर थोडं अडलं तर एवढी घाई कसली? यावर माझ्याकडे उत्तर नाही. ठोक्यांचं मात्र तिच्याकडेही नाही.

नंतर मी फाइलची प्रत मागून घेतली. ओळखीच्या दोन डॉक्टरांना ठोक्यांचा तो कागद दाखवला. एक म्हणाली, मी याहून आधीच सिझर केलं असतं. दुसरी म्हणाली, मी अजून तासभर बघितलं असतं. तिसरीला तो दाखवायची माझी तयारी नाही.

हॉस्पिटलला नॉर्मलपेक्षा जास्त पैसे मिळाले, हे खरंच आहे. मुलगी बाहेर येताच खणखणीत रडली, हेही खरं. सासूबाई म्हणतात, "बघ, धोका नव्हताच." आई म्हणते, "बघ, वेळेवर काढलं म्हणून."