आमेन एकदाच म्हणायचं

४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये सिस्टर राणी मारिया या नन्सना चर्चनं धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, तेव्हा मी त्या मैदानात होते. आई, पप्पा, मावशी, आमच्या पल्लीतले, म्हणजे आमच्या चर्चचे, निम्मे लोक, सगळे सकाळपासून जागा धरून बसलेले. सिस्टरचा फोटो आमच्या घरात मला कळतंय तेव्हापासून आहे. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरला येताना बसमध्ये त्यांना भोसकून मारलं, आणि ज्यानं मारलं त्याला त्यांच्या सख्ख्या बहिणीनं पुढे राखी बांधली, ही गोष्ट आईनं मला जेवताना, झोपताना इतक्या वेळा सांगितलीय की ती माझ्या घरातलीच वाटते. तर अशा दिवशी, आजूबाजूला लोक आनंदानं रडत असताना, माझ्या डोक्यात एक वाक्य आलं. हे सगळं खोटं असेल तर?

असा विचार कुणालाही येतो हे आता माहितीये. पण माझा आला तो गेलाच नाही. घरी आले, पोळ्या लाटताना तेच, रात्री तेच, सकाळी डोळे उघडायच्या आधी तेच.

आमचं घर तसं साधं कॅथलिक घर. पप्पा मूळचे श्रीरामपूरकडचे, इंदूरजवळ पिथमपूरला नोकरी लागली म्हणून इकडे आले. त्यामुळे घरी जपमाळ मराठीत आणि चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सगळ्यांची मिळून उपासना, हिंदीत, आणि सप्टेंबरात रजा मिळाली तर हरेगावला मतमाऊलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला. देव आहे की नाही हा प्रश्न आमच्याकडे कधी आलाच नव्हता, म्हणून तो आल्यावर त्याच्याशी कसं वागायचं ते मला माहीत नव्हतं. मी काय केलं, तर त्याला उत्तर द्यायला बसले.

आणि तिथून सगळं बिघडलं. मिस्सेत सगळे मिळून आपला विश्वास बोलून दाखवतात ना, ती प्रार्थना मी मनात म्हणायला लागले, विचार आला की लगेच. मध्ये एक शब्द जरी मनापासून नाही आला असं वाटलं तरी पहिल्यापासून. ऑफिसला निघायच्या आधी चाळीस-पन्नास मिनिटं बाथरूममध्ये उभी राहून हेच चाललेलं असायचं, आई बाहेरून दार वाजवतेय, "अगं बरं वाटत नाही का तुला", आणि मी उत्तर देऊ शकत नाही कारण उत्तर दिलं तर परत सुरुवातीपासून. मिस्सेत फादर भाकर वर उचलतात त्या क्षणाला तर इतके घाणेरडे विचार यायचे की ते इथे लिहवत नाहीत. मग मी देवाची निंदा केली, आता परमप्रसाद, म्हणजे ती भाकर, कसा घ्यायचा, म्हणून पाप स्वीकार, म्हणजे फादरांना आपली पापं सांगून क्षमा मागणं. तो करून बाहेर पडते न पडते तोच, एक सांगायचं राहिलं, किंवा सांगितलं पण नीट नाही सांगितलं. एका आठवड्यात तीन वेगवेगळ्या चर्चमध्ये जाऊन मी तेच पाप सांगून आलेय, वेगवेगळ्या अशासाठी की फादरांनी ओळखू नये.

दोन वर्षं असंच. वजन नऊ किलो उतरलं, घरच्यांना वाटलं लग्नाचं टेन्शन आहे.

शेवटी एका फादरांनी ओळखलंच. केरळचे आहेत, वयस्कर, हिंदी जरा अडखळत बोलतात. पाप स्वीकारात ऐकलेलं बाहेर बोलता येत नाही, म्हणून त्यांनी आतच मला विचारलं की बेटा, हे आपण नंतर ऑफिसमध्ये बसून बोलूया का, तुझी परवानगी असेल तर. तिथे त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, याला चर्चमध्ये शेकडो वर्षांपासून नाव आहे. स्क्रुपल. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ टोकदार बारीक खडा, चपलेत शिरतो तसा. खडा लहानच असतो, पण माणूस चालायचा थांबतो.

मग त्यांनी लोयोलाच्या संत इग्नेशियसांचं सांगितलं. मला ते फक्त जेझुइट या फादरांच्या संघाचे संस्थापक म्हणून माहीत होते. १५२२ मध्ये ते मानरेसा नावाच्या गावी राहत होते, त्याच्या आधीच तीन दिवस लावून, लिहून काढून, आयुष्यभराचा पाप स्वीकार करून आले होते, तरी हे राहिलं का, ते राहिलं का, थांबेचना. त्यांच्या फादरांनी सांगितलं, जुनं अगदी स्पष्ट असेल तरच सांग. आणि इग्नेशियसांची अडचण ही की त्यांना सगळंच स्पष्ट वाटायचं! हे ऐकून मी तिथे ढसाढसा रडले. पाचशे वर्षांपूर्वी स्पेनमधल्या एका माणसाला माझ्या डोक्यातलं इतकं नेमकं माहीत होतं. शंका जाईपर्यंत जेवणार नाही म्हणून ते आठवडाभर उपाशी राहिले, फादरांनी हुकूम केला तेव्हा जेवले. जीव द्यावा असंही त्यांना वाटायचं. आणि नंतर त्यांनीच लिहून ठेवलंय की गवताच्या दोन काड्या क्रुसासारख्या पडल्यात आणि चुकून त्यावर पाय पडला तर आपण पाप केलं असं वाटणं हा चुकीचा निवाडा आहे, पाप नाही. मी त्या दिवसांत फरशीच्या जोडांवर पाय पडू नये म्हणून टाचा उचलून चालायचे, तिथे क्रूस दिसतो म्हणून.

फ्रान्सची संत, लहान तेरेसा, तिलाही हा त्रास झालाय, बारा-तेरा वर्षांची असताना, दीड वर्ष. फादर म्हणाले, त्यांच्या काळी याचे डॉक्टर नव्हते, तुझ्या काळी आहेत, तू जा.

मी लगेच गेले नाही. गोळी घेतली म्हणजे प्रार्थनेवर भरवसा नाही असं मला वाटायचं. प्रार्थनेच्या ग्रुपमधल्या एका ताईंनी तेच बोलून दाखवलं, आणि हे सैतानाचं आहे असंही. पहिले डॉक्टर ज्यांच्याकडे गेले ते म्हणाले काही महिने चर्च बंद करा, झालं. दोघांनाही माझं वाईट करायचं नव्हतं. पण एकीला आजार दिसत नव्हता आणि दुसऱ्यांना माझा विश्वास दिसत नव्हता, आणि मला दोन्ही घेऊनच जगायचं होतं.

दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी तासभर ऐकून घेतलं. ओसीडी, म्हणाल्या, नको ते विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याचा आजार. एक प्रश्नावली असते, शून्य ते चाळीस गुणांची, गुण जास्त तितका त्रास जास्त, त्यात माझे सत्तावीस आले. त्यांनी समजावलं की हात पुन्हा पुन्हा धुणारा आणि प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणणारा, दोघांचं चक्र एकच. विचार येतो, जीव घाबरा होतो, आपण काहीतरी करून तो शांत करतो, आणि त्या शांत करण्यातूनच मेंदू शिकतो की धोका खरा होता. घामोळं खाजवल्यासारखं. आणि आजार धरतो कुठे, तर ज्याला जे सगळ्यात प्रिय असतं तिथे. नव्या आईला बाळाला आपल्या हातून काही होईल असे विचार येतात. मला देव प्रिय होता.

सर्ट्रालिन नावाची गोळी सुरू झाली, हळूहळू वाढवत. ओसीडीला डिप्रेशनपेक्षा जास्त डोस आणि जास्त वेळ लागतो, आठ ते बारा आठवडे तरी थांबावं लागतं हे त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, कारण पहिले पंधरा दिवस नुसती मळमळ आणि झोप उडालेली. मध्ये एकदा मी त्या ताईंचं ऐकून मनानंच गोळ्या बंद केल्या. चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, आणि महिनाभरात विचार होते तसे परत. कृपा करून असं कुणी करू नका, कमी करायची तर डॉक्टरांना विचारून.

गोळ्यांच्या जोडीला थेरपी. त्यात करायचं असं की विचार येऊ द्यायचा आणि नेहमीचं उत्तर द्यायचं नाही. ऐकायला सोपं आहे. मी विचारलं, म्हणजे मला विश्वास नाकारायला लावणार का? नाही, म्हणाल्या, तुमच्या फादरांना विचारून ठरवू. आणि खरंच, माझ्या परवानगीनं दोघं फोनवर बोलले. ठरलं ते हे: पाप स्वीकार महिन्यातून एकदा, ठरलेल्या शनिवारी, ठरलेल्या फादरांकडेच. ज्याबद्दल शंका आहे ते सांगायचंच नाही. महापापाला गंभीर गोष्ट, पूर्ण जाणीव आणि स्वतःहून दिलेली संमती, तिन्ही लागतं, आणि जो विचार आल्यावर मी घामानं भिजते त्याला माझी संमती कुठून असणार. मिस्सेत घाणेरडा विचार आला तरी परमप्रसादाच्या रांगेत उभं राहायचं. आमेन एकदाच म्हणायचं.

पहिल्या रविवारी मी थरथरत होते. घरी येऊन विश्वासाची प्रार्थना म्हटली नाही तेव्हा वाटलं नरकात चाललेय, शब्दशः. दीड तास छातीत धडधड. पुढच्या रविवारी तासभर. पावसाळा संपेपर्यंत दहा मिनिटांवर आलं. परवा मोजलं तेव्हा गुण अकरा होते.

लोक विचारतात, मग खरी शंका आणि आजारातली शंका ओळखायची कशी. मला जाणवलेलं सांगते. खऱ्या शंकेबरोबर फिरायला जाता येतं, पुस्तक वाचता येतं, ती महिनाभर थांबते. आजारातली थांबत नाही, तिला आत्ता, या मिनिटाला, शंभर टक्के उत्तर हवं असतं, आणि दिलं की ती दुसरं मागते. फादर यावर येशूचे शिष्य संत थोमा यांचं सांगतात, केरळात थोमांनीच ख्रिस्ती धर्म आणला असं मानतात, म्हणून त्यांच्याकडे थोमा म्हणजे घरचेच. पुनरुत्थित येशू आला तेव्हा थोमा नव्हता, नंतर म्हणाला जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही, आणि येशू परत आला तो आठ दिवसांनी. ते आठ दिवस थोमा शंका घेऊन बाकीच्यांबरोबरच राहिला, त्याला कुणी बाहेर काढलं नाही आणि तोही गेला नाही. मी त्या आठ दिवसांचा खूप विचार करते. तो त्यांच्यात बसून जेवत असेल.

तुमच्यापैकी कुणाला हे होत असेल आणि डॉक्टर कुठे शोधायचा कळत नसेल तर सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट. जीव नकोसा वाटत असेल तर आजच करा, आणि घरात एकाला तरी सांगा. मी आईला दोन वर्षं सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं माझंच काही चुकलं."

या रविवारी आई आणि मी सकाळच्या मिस्सेला गेलो. फादरांनी भाकर उचलली आणि तेच वाक्य आलं, सात वर्षांपूर्वीचं, शब्दही तेच. मी रांगेत उभी राहिले. "ख्रीस्त का शरीर," फादर म्हणाले. मी आमेन म्हटलं. आवाज बारीक निघाला, मनापासून होता का ते तपासलं नाही, जागेवर येऊन आईशेजारी बसले.