तुम्ही विचारलंत म्हणून: ‘लेटेस्ट’ लिहून मोकळा का होत नाही?

टीममध्ये नवीन मुलं आली की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी विचारतं, “सर, अन्सिबल आहे ना? मग सगळ्या पॅकेजना ‘लेटेस्ट’ लिहून मोकळे का होत नाही?” अन्सिबल म्हणजे एका जागेवरून अनेक सर्व्हरवर बदल करणारं साधन; ‘लेटेस्ट’ म्हणजे त्याला सांगायचं, दरवेळी सगळ्यात नवं व्हर्जन बसव.

झालो होतो मोकळा. दोनदा.

पहिल्यांदा जुन्या नोकरीत, शुक्रवारी संध्याकाळी. लॉग किती दिवस ठेवायचे, एवढी एक ओळ बदलायची होती. प्लेबुक, म्हणजे अन्सिबलने काय काय करायचं ती फाइल, चालवलं. त्याच फाइलीत वर कुठेतरी मीच कधीकाळी पोस्टग्रेस या डेटाबेसपुढे ‘लेटेस्ट’ लिहून ठेवलेलं, आणि नवीन मायनर व्हर्जन नेमकं त्याच आठवड्यात आलेलं. डेबियन या लिनक्सवर पोस्टग्रेसचं पॅकेज अपग्रेड झालं की डेटाबेस आपसूक रीस्टार्ट होतो. अन्सिबल, काही सांगितलं नाही तर, एका वेळी पाच मशीन हातात घेतं. आमचे डेटाबेस सर्व्हर चार. मुख्य काय नि त्याची प्रत ठेवणाऱ्या रेप्लिका काय, सगळे एका दमात खाली! टर्मिनलवर पिवळ्या अक्षरांत ‘चेंज्ड’, एररची लाल ओळ एकही नाही. फोन वाजायला लागले तेव्हा कळलं.

‘प्रेझेंट’ लिहिलं तर पॅकेज नसल्यास बसतं, असल्यास त्याला हात लागत नाही. ‘लेटेस्ट’ लिहिलं की फाइल तीच राहते, पण आज ती काय करेल हे रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजच्या कोठारात, काल काय आलं त्यावर ठरतं.

म्हणून अपडेटच टाळायचे असं नाही, ते दुखणं याहून मोठं. सुरक्षेचे पॅच अनअटेंडेड-अपग्रेड्स हे डेबियनवरचं साधन रोज आपोआप उचलतं. पोस्टग्रेस तेवढं ‘होल्ड’वर, म्हणजे आपसूक अपग्रेड बंद; त्याचं प्लेबुक वेगळं, ‘सिरियल’ १, म्हणजे एका वेळी एकच मशीन, आधी रेप्लिका.

दुसरी वेळ मार्च २०२४ची. पोस्टग्रेसवरच काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने (दूरच्या मशीनवर) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, आणि त्या धाग्यावरून फाइली आवळणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ व्हर्जनमध्ये मुद्दाम लपवलेलं मागचं दार (बॅकडोर) सापडलं. डेबियनच्या स्टेबल, म्हणजे पक्क्या आवृत्तीत, ही व्हर्जन्स पोचलीच नव्हती. तरी सगळ्या मशीनवरून एक्सझेडच्या व्हर्जनची यादी मागवली. अन्सिबलचं खरं सुख मला अशा वेळी कळतं. ५.४.१, ५.४.१, ५.४.१... आणि टेस्टिंगवरच्या (डेबियनची अजून चाचणीत असलेली आवृत्ती) एका बिल्ड मशीनवर ५.६.१.

प्लेबुक उघडलं, तर ‘लेटेस्ट’. कोणती ओळ कोणी लिहिली ते सांगणाऱ्या गिट ब्लेमला विचारलं, तर नाव माझंच.